आईच्या खोलीतला वास

४ मार्च

शेंडेफळा,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. फोनवर बोलले असते, पण आपल्या आईचे कान तुला माहीत आहेत. स्वयंपाकघरात दिव्याचं बटण दाबलं तरी कुठला दिवा लागला ते तिला आतल्या खोलीतून कळतं. आणि विषय तिच्याच खोलीचा आहे. दुकानातून फोन करावा तर गिऱ्हाईकं कान टवकारून बसतात. म्हणून इथे बसून लिहितेय. समोर दोन पँटी कमरेत सैल करायच्या पडल्यात, त्यांचा मालक तासाभरात येऊन बोंब मारेल. मारू दे.

तर, तू तिला घेऊन दिलेला एसी. त्याला वास येतो. साधासुधा नाही. भिजलेली गादी न वाळवता कपाटात कोंबावी आणि महिन्याने दार उघडावं, तसा. सुरू केला की पहिली दहा मिनिटं त्या खोलीत उभं राहवत नाही. मी जाळ्या काढून साबणाने धुतल्या, उन्हात वाळवल्या, परत बसवल्या. दोन दिवस बरं होतं, मग पुन्हा जैसे थे.

गंमत म्हणजे आईला विचारलं तर म्हणते, "मला नाही बाई येत वास." खालच्या मजल्यावर दूध उतू गेलं की जिला वर बसून कळतं, तिला वास येत नाही म्हणे!

तू लिफ्ट बसवतोस, म्हणजे यंत्रातलं तुला काहीतरी कळत असेल असा माझा समज आहे. काय करू ते लिही. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

तुझी,
ताई


१२ मार्च

ताईसाहेबांना लांबूनच नमस्कार. जवळून केला तर कान पिळशील, दोन महिने आलो नाही म्हणून.

लिफ्टचं आणि एसीचं नातं तुझ्या शिलाई मशीनचं आणि विमानाचं असेल तेवढंच. तरी आमच्या साइटवर एसीवाले असतात, त्यांना विचारलं. जाळ्या धुऊन भागत नाही. जाळीच्या मागे कॉइल असते, थंड झाली की तिला घाम फुटतो. ते पाणी खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि नळीतून बाहेर जातं. नळी तुंबली की पाणी आतच सडतं, बुरशी धरते, आणि पंखा तोच वास खोलीभर फेकतो. तेव्हा मेकॅनिक बोलाव. त्याच्याकडून कॉइल, ट्रे, नळी, सगळं धुऊन घे. नुसता फवारा मारून पळायला देऊ नकोस, डोक्यावर उभी राहा. ते तुला शिकवायला नकोच.

आणि आईला सांग, बंद करायच्या आधी अर्धा तास थंड करणं थांबवून नुसता पंखा चालू ठेवायचा. आतली ओल वाळते.

मी येणारच होतो, पण ही इमारत काही केल्या संपत नाही. बिल्डरने मध्येच दोन मजले वाढवलेत. पुढच्या महिन्यात नक्की. आईलाही तसं सांग.

तुझा,
शेंडेफळ


२ एप्रिल

शेंडेफळा,

तुझा पुढचा महिना लागला. आईला सांगितलं होतं, ती रोज विचारते.

मेकॅनिक येऊन गेला. भला माणूस. एसीला खाली प्लास्टिकची मोठी झोळी बांधली आणि पंपाने पाणी मारलं. जे काळं गाळ-पाणी निघालं ना, ते बघून मला शिसारी आली. आपण ही हवा श्वासात घेत होतो! नळीतून तर शेवाळाचा बोळा निघाला. आई तेवढा वेळ माझ्या खोलीत बसली होती, तोंड फुगवून. जसं काही तिचं माहेरच धुऊन काढतोय आम्ही.

आठवडाभर स्वच्छ हवा. मग वास परत! आणि आता नुसती ओल नाही, त्यात गुलाब मिसळलाय. तू म्हणशील सुधारणा झाली. अजिबात नाही. ओलीवर गुलाब म्हणजे अंघोळ न करता सेंट फासलेल्या माणसाच्या शेजारी बसणं. मेकॅनिकला पुन्हा बोलावलं, तर म्हणाला, "मी सुगंधी काही मारलंच नाही हो, ताई. आणि ओल एवढ्यात परत यायला नको." डोकं खाजवत गेला.

आता जे सांगायला पत्र लिहिलं ते. आईला खोकला लागलाय. पहाटे सुरू होतो, थांबता थांबत नाही. डॉक्टरांनी छाती तपासली आणि पहिला प्रश्न, घरात ओल आहे का? म्हणाले, या वयात बुरशीची हवा छातीत बसली तर दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि तिथून परत येताना माणूस होता तसा येत नाही. मी घाबरलेय. तिला म्हटलं, माझ्या खोलीत झोप, मी तुझ्या खोलीत झोपते. ऐकेल तर शपथ.

ताई


९ एप्रिल

ताई,

कुठेतरी पाणी मुरतंय. तो मेकॅनिक वास मारायला काहीतरी अत्तरबित्तर शिंपडून जातो आणि वर साळसूदपणे डोकं खाजवतो. बदल त्याला.

खरं म्हणजे आता एसीचा प्रश्नच नाही. डॉक्टरांचं वाचून माझी झोप उडाली. हिच्याशी बोललो. आमची मागची खोली रिकामी करून घेतली आहे, भरपूर ऊन येतं. आईला इकडे घेऊन येतो, कायमची. तूही किती वर्षं एकटीने करणार? दिवसभर दुकान, घरी आली की आई. तिच्याशी आत्ताच बोलू नकोस, उगाच रडारड होईल. या महिन्याच्या शेवटी येतो आणि समोरासमोर सांगतो. या वेळी मी तिचं काही ऐकणार नाही.

शेंडेफळ


१७ एप्रिल

शेंडेफळा,

मेकॅनिक बिचारा निर्दोष आहे. चोर घरातच सापडला.

काल दोरे संपले म्हणून दुपारीच घरी आले. आईच्या खोलीत डोकावले आणि जागच्या जागी थिजले. आपल्या मातोश्री, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, गुडघ्यांच्या नावाने रोज खडे फोडणाऱ्या, पलंगावर उभ्या! एक हात भिंतीला, आणि दुसऱ्या हाताने एसीचं झाकण उचलून आत ओलं फडकं कोंबतायत. ओरडले असते तर दचकून पडली असती, म्हणून तोंडावर हात दाबून उभी राहिले. ती सावकाश खाली बसली, वळली, मला बघितलं आणि म्हणते कशी, "आज लवकर आलीस?"

मी ते फडकं ओढून काढलं. जुन्या आरामखुर्चीच्या कॅनव्हासचा तुकडा, चिंब ओला, आणि त्यावर गुलाबाचं अत्तर. नाकाशी नेला. अरे, हा बाबांचा वास! इतके दिवस नाक दाबून फिरत होते, म्हणून ओळखला नाही.

बाबा टॉकीजमध्ये हवेच्या यंत्रावर होते हे तुला ठाऊक आहे, पण ते काय प्रकरण होतं ते तू बघितलेलं नाहीस. ते गेले तेव्हा तू दीड वर्षाचा होतास. पडद्याच्या मागून जिना खाली तळघरात जायचा. तिथे आपल्या या दुकानाएवढा पंखा, त्याच्यापुढे पाण्याच्या धारा, आणि थंड हवा वर न्यायला कॅनव्हासचा बोगदा. मी त्यात ताठ उभी राहू शकायचे. तो कॅनव्हास कायम ओला, कायम कुबट. धुवायचा तर खेळ बंद ठेवायला हवेत, आणि मालक एक खेळसुद्धा बंद ठेवायला तयार नाही. मग बाबांनी शक्कल लढवली. प्रत्येक खेळाच्या आधी कॅनव्हासच्या एका तुकड्यावर अत्तर ओतायचे आणि तो पंख्यापुढे बांधायचे. लोक आत शिरले की म्हणायचे, "वा, काय हवा आहे!" बाबा खालून ऐकायचे आणि मला डोळा मारायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथेच असायचे, स्वेटर घालून पाढे पाठ करत. बाहेर लोक घामाने निथळतायत आणि मी स्वेटरमध्ये! वरचे संवाद ऐकू यायचे, दिसायचं काही नाही. कित्येक सिनेमे मी नुसते ऐकलेत. कोण रडतंय, कोण कुणाला सोडून चाललंय, ते बाबा मला खाली समजावून सांगायचे, आणि निम्मं खोटं असायचं, हे मला मोठेपणी कळलं. किती सुखाचे दिवस होते रे ते. तेव्हा वाटायचं, सगळ्यांचे बाबा जमिनीखालून गारवा पाठवतात.

घरी आले की शर्टाला तोच वास. आई तेव्हा नाक मुरडायची. आणि आता बघ. मी म्हटलं, "आई, हे काय चालवलंयस?" म्हणाली, "ओल आपोआप आली. गुलाब नव्हता, तो मी घातला. तुम्ही ओल धुऊन टाकलीत, मग कॅनव्हास भिजवून तीही मीच घातली."

रागवावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं. मग आम्ही दोघी त्या वासात बसून चहा प्यायलो आणि टॉकीजच्या गोष्टी काढून पोट दुखेपर्यंत हसलो. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, आणि ती इतका वेळ थांबेना की मी चहा तसाच टाकून तिची पाठ चोळत बसले.

ताई


२३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. खरं लिहू? मला राग आला.

तुम्हा दोघींकडे बाबा आहेत. तळघर आहे, स्वेटर आहे, डोळा मारणं आहे. माझ्याकडे भिंतीवरचा फोटो आहे, त्यातही त्यांनी कुणाचा तरी उसना कोट घातलाय. लहानपणी तुम्ही दोघी त्यांच्या गोष्टी काढून हसायचात, तेव्हा मीही हसायचो. कारण तुम्ही हसत होतात. आत काहीच हलायचं नाही. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे. शाळेत एकाने विचारलं होतं, वडील नाहीत तर वाईट वाटतं का? मी म्हटलं होतं, नाही. ते खरंच होतं.

तर मला तो वास कळणार नाही, कळायची गरजही नाही. मला एवढंच कळतं की गेलेल्या माणसाच्या वासापायी असलेली आई खोकून खोकून अर्धी होतेय, आणि तू तिच्याबरोबर चहा पितेस. उद्याच्या उद्या धुऊन घे. पलंगावर चढली तर पलंग तिथून हलव. कामामुळे महिनाअखेर जमत नाही, ६ मेला येतो. परतीची दोन तिकिटं काढली आहेत, एक तिचं.

शेंडेफळ


२९ एप्रिल

शेंडेफळा,

रागावलास ते बरं केलंस. तुझं ते शाळेतलं मला कधी सांगितलं नव्हतंस. तेवढा भाग परत परत वाचला.

मेकॅनिक काल आला होता. आईने खोलीला आतून कडी घातली. मी दार बडवलं, विनवण्या केल्या, शेवटी शेजारच्यांनी डोकावून बघितलं. लाजेने मेल्यासारखं झालं. आतून एकच, "त्याला येऊ दे. मग धुवा." मेकॅनिक हात जोडून परत गेला.

पलंग हलवला तर दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून चढली. मी हात टेकले. खोकला वाढलाय, रात्री बसून काढते. डॉक्टर म्हणतात आता वाट बघण्यात अर्थ नाही. आणि ही बाई वाट बघतेय! मला तर वाटतं ही सगळी तुला बोलावून घ्यायची युक्ती आहे. तू फार दिवस फसवलंस, आता ती तुला नाक दाबून तोंड उघडायला लावतेय. तिकिटाचं मी तिला सांगितलेलं नाही, माझ्याच्याने होणार नाही ते.

पण ये. ६ मे म्हणजे ६ मे. पुन्हा तारीख बदललीस तर मी तुझ्या साइटवर येऊन सगळ्यांसमोर कान धरीन.

ताई


१४ मे

शेंडेफळा,

आधी चांगलं सांगते. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने स्वतः मेकॅनिकला फोन लावला. हो, स्वतः! तो बिचारा दारातच विचारत होता, "आजी कडी घालणार नाहीत ना?" पूर्ण एसी उतरवून धुतला, नळी नवी टाकली. आई खुर्ची टाकून समोर बसून राहिली. मधूनच त्याला सांगत होती, "तो कोपरा राहिला बघ." आता तुझ्या नियमाप्रमाणे अर्धा तास नुसता पंखा चालवूनच बंद करते, घड्याळ लावून. खोकला उतरलाय. काल डॉक्टर म्हणाले छाती मोकळी होतेय, दवाखान्याची गरज नाही. मी दुकानात येऊन शटर अर्धं ओढलं आणि हुंदके देऊन रडले. किती दिवस आवरून धरलं होतं.

पण तुम्ही दोघं माझ्यापासून काय लपवताय? दोन तिकिटं घेऊन आलास आणि एकावर परत गेलास. तिला न्यायचा विषय तू काढलाही नाहीस. त्या दुपारी मी तुम्हाला सोडून दुकानात आले. संध्याकाळी जाऊन बघते तर तू तिच्या पलंगावर बसलेला, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, आणि ती शेजारी मजेत पाय हलवत. मला वाटलं भांडलात. तिला विचारलं तर म्हणते, "त्यालाच विचार." तर विचारते. काय झालं?

ताई


२० मे

ताई,

फोनवर सांगता येईना, म्हणून मलाही शेवटी पत्रच सुचलं.

तू गेल्यावर आई म्हणाली, "दार लाव आणि बस इथे." एसी लावला. फडकं तिने आधीच आत घालून ठेवलं होतं. तुझ्या डोळ्यांत धूळ फेकणं तिच्या डाव्या हातचा मळ आहे. मी भाषण पाठ करून आलो होतो. ऊन येणारी खोली, डॉक्टर जवळ, वगैरे. तिने तोंड उघडूच दिलं नाही.

"येतो का वास?"

"येतो."

"काही आठवतं?"

मी हो म्हणणार होतो, ताई. काय जात होतं माझं? पण तिच्या तोंडाकडे बघून खोटं बोलवेना. म्हटलं, "नाही गं. ओल आणि गुलाब. बाकी काही नाही." तिचा चेहरा असा पडला की मला स्वतःचाच राग आला. मग तीच म्हणाली, "असू दे. प्रवासातून आलायस, जरा पाठ टेक."

मी दुपारी झोपणारा माणूस नाही. साइटवर लोक जेवून आडवे होतात तेव्हा मी नकाशे बघतो. तिचं मन राखायला म्हणून पडलो. डोळे उघडले तेव्हा बाहेर दिवे लागले होते. उशी लाळेने ओली. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, आणि लाळ गाळून झोपलो होतो! एसी बंद होता. आई उशाशी बसली होती, माझ्या केसांत हात घालून, आणि हसत होती.

"बघ," म्हणाली. "आठवायचं काय त्यात? तो वास आला की तू असाच झोपायचास."

मग तिने सांगितलं. मी रडका होतो, ताई. दिवसभर किरकिर, तिच्याकडे राहायचो नाही, तुझ्याकडेही नाही. बाबा घरी यायचे, ती ओरडायची, आधी शर्ट काढा, ते तसाच मला उचलायचे. मी त्या शर्टात नाक खुपसलं की दोन मिनिटांत गाढ. ते गेले, त्यानंतर ती मला तोच शर्ट पांघरून झोपवायची. हळूहळू वास उडाला. एका रात्री मी तो शर्ट ढकलून दिला. दुसऱ्या दिवशी तिने तो धुऊन टाकला.

म्हणाली, "ताईला तो वास दहा वर्षं मिळाला. मला बारा. तुझ्या वाट्याला काही आलंच नाही. एसीतून ओल आली तेव्हा वाटलं, चला, अर्धं तर आलं. म्हटलं, पोरगा पुढच्या महिन्यात येतोय, तेवढं टिकवावं. तुला एकदा भेटवायचं होतं. आता धुवा."

मी पत्रापत्रातून पुढचा महिना, पुढचा महिना करत होतो, आणि ती माझ्यासाठी त्या हवेत बसून खोकत होती. तुला वाटली मला बोलावून घ्यायची युक्ती. मी मेकॅनिकला चोर ठरवला. तिला काय हवं होतं, ते आपण दोघांनी विचारलंच नाही. मी तिचे पाय धरले आणि म्हटलं, मला माफ कर. ती म्हणाली, "पाय सोड, गुडघे दुखतात." तिकीट मी खिशातच ठेवलं. ती तिच्या घरी राहील. मी दर महिन्याला येईन. हसू नकोस, पुढच्या तिन्ही महिन्यांची तिकिटं काढून झाली आहेत.

आणि अजून एक. काल नव्या इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो. तळाशी पाणी साचलेलं, ओलीचा वास. रोजचाच, इतकी वर्षं रोजचाच. बॅटरी मारून रूळ तपासत होतो आणि मला बाबांची आठवण आली. मला, ताई. तू सांगितलेली नव्हे, फोटोतली नव्हे. एकदम असं वाटलं की आत्ता इथे त्यांनी असायला हवं होतं. मी तिथेच रुळाला धरून रडायला लागलो. वरून माझी माणसं वाकून विचारत होती, "साहेब, काय झालं? लागलं का कुठे?"

मी म्हटलं, "वडील गेले."

त्यांनी मला हात देऊन वर काढलं, पाणी दिलं, आणि कुणी काही न विचारता मला घरी पाठवलं.

तुझा,
शेंडेफळ